दीड वीत तार

वैरागडे डॉक्टरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते खुर्चीवर उभे राहून दोरी चोखताना. आयर्लंडमधल्या ल्यूकनच्या कम्युनिटी हॉलमध्ये संक्रांतीचा कार्यक्रम होता. मराठी मंडळाचा फलक नायलॉनच्या दोरीनं टांगलेला होता आणि तो तिसऱ्यांदा निवेदिकेच्या पाठीशी येऊन आपटला होता. आयटीतली पाच-सहा मंडळी खाली उभी राहून त्यावर चर्चा करत होती. तेवढ्यात कोपऱ्यातून एक सावळे, काटकुळे गृहस्थ आले, खुर्चीवर चढले, गाठ सोडली, दोरीचं टोक तोंडात धरून ओलं केलं, पुन्हा गाठ मारली आणि सावकाश आवळली. "कोरडी आवळली का नायलॉन गरम होते, अन् गरम झालं का मरते," असं कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाले आणि तिळगुळाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. फलक कार्यक्रम संपेपर्यंत जागचा हलला नाही.

माझी नोकरी लिक्सलिपच्या चिपच्या कारखान्यात. तिथे मी काही घडवत नाही. बिघडलेलं का बिघडलं ते शोधते. सूक्ष्मदर्शकाखाली तडे, जळके ठिपके, सुटलेले जोड पाहायचे आणि दोष कशात होता ते लिहून द्यायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे कोरड्या गाठीबद्दलचं ते वाक्य मला त्या संध्याकाळच्या सगळ्या कवितावाचनापेक्षा जास्त आवडलं. मी रांग मोडून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "काका, हे तुम्हाला कसं माहीत?"

"काका नको म्हणू," ते म्हणाले. "दवाखान्यात डॉक्टर म्हणतात, घरी बायको अहो म्हणते. तिसरं नाव सांभाळणं होत नाही माझ्याच्यानं." मग जरा वेळानं म्हणाले, "मासे पकडतो मी. म्हणजे पकडतो अन् सोडतो."

"सोडता? मग पकडता कशाला?"

हा प्रश्न पुण्याचंच माणूस विचारू शकतं, असं पुढे ते चार लोकांत माझी ओळख करून देताना सांगत. त्या दिवशी मात्र त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "रविवारी सकाळी सहाला तयार राहा. हे बूट चालणार नाहीत."

घरी सांगितल्यावर नवरा म्हणाला, "तू कोलंबी साफ करायला लागते म्हणून खात नाहीस." मुलगी म्हणाली, "आई, दॅट्स सो रँडम." तरी गेले. आणि पुढची चार वर्षं, महिन्यातले दोन रविवार तरी, जात राहिले.

डॉक्टर भूलतज्ज्ञ होते, मिडलँड्समधल्या, म्हणजे देशाच्या मध्यभागातल्या, एका सरकारी रुग्णालयात. मूळचे भंडाऱ्याकडचे. त्या बाजूला गावागणिक तलाव, आणि तलावात मरळ. वडील शाळामास्तर होते, पण डॉक्टर शाळेपेक्षा तलावावरच जास्त वाढले. नागपूरला शिकून ते आयर्लंडला आले तेव्हा उषाताई आणि लहान मुलगी बरोबर होती. मग सहा महिने इथे, वर्षभर तिथे अशा तात्पुरत्या नेमणुका घेत त्यांनी अर्धा देश पालथा घातला. मुलीनं सहा शाळा बदलल्या. कायमची जागा मिळाली तेव्हा ते पन्नाशीला आले होते. हे सगळं मला उषाताईंकडून कळलं. डॉक्टर स्वतः त्या वर्षांबद्दल एवढंच म्हणत, "बरीच तळी पाहून झाली."

पाइक हा इथल्या गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा. "मरळीची थोरली बहीण समज," डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पण हिला दात जास्त." दात म्हणजे शेकड्यांनी, आतल्या बाजूला झुकलेले, बोट घातलं तर सहज आत जाईल आणि बाहेर काढताना सोलून निघेल असे. त्याला पकडायला डॉक्टर जी माशी वापरत ती नावालाच माशी. पिसांचा आणि केसाळ धाग्यांचा वीतभर ओला झुपका तो, आत काटा लपवलेला, पाण्यात लहान माशासारखा पोहायचा. त्यात वजन काही नसतं. वजन असतं ते लाइनीत. फ्लाय फिशिंगची, म्हणजे अशी माशी लावून करायच्या मासेमारीची, लाइन म्हणजे प्लास्टिकचं आवरण असलेली जाड दोरी. मागे-पुढे फिरवून फेकायची ती लाइन, माशी नुसती तिच्या मागून जाते. लाइनीच्या टोकाला सहा फूट लांबीचं जाड नायलॉन, त्या नायलॉनच्या टोकाला दीड वीत बारीक, लवचीक तार, आणि तारेला माशी. नायलॉन आणि तार मिळून जो भाग होतो त्याला लीडर म्हणतात. सगळा जीव त्या लीडरमध्ये.

ट्राउट पकडणारे लोक लीडरबद्दल फार हळवे असतात. त्यांना तो लांब हवा, केसासारखा बारीक हवा, माशाला दिसता कामा नये. पाइकला त्याचं काही नसतं. त्यामुळे पाइकवाल्यांना काही कळत नाही, असं ट्राउटवाले समजतात. डॉक्टर त्यांच्याशी वाद घालत नसत. ते गाडीत मला विचारत. ल्यूकन सोडलं, मोटरवेला लागलो, की परीक्षा सुरू.

"आज पाणी कसं असेल?"

"थंड."

"अगं, थंड तर बाराही महिने असते. मासा कुठे असेल?"

मग मी विचार करायचा. एप्रिल-मे असेल तर मासा कडेच्या उथळ पाण्यात, लव्हाळ्याजवळ, म्हणजे तरंगणारी लाइन. ऑक्टोबरात तो पाणवनस्पतींच्या बाहेरच्या कडेला, पुरुषभर खोल, म्हणजे सावकाश बुडणारी. त्याहून थंडीत तळाशी, म्हणजे जड, भराभर बुडणारी. बुडणाऱ्या लाइनीला लांब लीडर लावला तर लाइन खाली जाते आणि माशी वरच राहते, म्हणून तिथे लीडर आखूड. माशी मोठी असेल तर लाइनही जाड आणि तोंडाशी जड, नाहीतर माशी अर्ध्यात गळाठते आणि आपल्याच टोपीत येऊन रुतते. हे सगळं मी पाठ केलं होतं. पण माझी उत्तरं संपली की त्यांचा शेवटचा प्रश्न यायचा. "अन् सगळं चुकलं तर माशाचं काय होईल?"

याचं उत्तर पाठ करता येत नसे. ते दर खेपेला नव्यानं द्यावं लागे. काटा कुठे अडकेल, तो बिनकुसळाचा, म्हणजे उलटं टोक नसलेला, आहे का, लाइन तुटली तर कुठे तुटेल, माशाच्या तोंडात किती तार राहील. भूल देणारा माणूस असा विचार करतो हे मला हळूहळू कळलं. सगळं नीट झालं तर काय, हा प्रश्न त्यांना सुचतच नसे.

बोट डर्मटची. डर्मट तळ्याकाठचा निवृत्त पोस्टमन, अंगानं गोल, आवाजानं मऊ. वल्ही तोच मारायचा, कारण आमच्या दोघांच्या वल्हवण्यानं बोट एकाच जागी फिरते असं त्याचं म्हणणं होतं. त्याचं आयुष्याबद्दलचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावत असे. "आह शुअर, इट'ल बी ग्रँड." म्हणजे, होईल सगळं झकास. पाऊस आला तरी ग्रँड, इंजीन बंद पडलं तरी ग्रँड. डॉक्टरांना हा शब्द सहन होत नसे. "या माणसाच्या हाती भुलेचं मशीन दिलं तर अर्धी काउंटी झोपेतच राहील," ते मला मराठीत सांगत आणि डर्मट, आपल्याबद्दल काहीतरी चाललंय हे ओळखून, मान डोलवत असे.

तारेबद्दलची गोष्ट मला डर्मटनंच सांगितली, डॉक्टर किनाऱ्यावर बूट बदलत असताना. फार वर्षांपूर्वी डर्मट त्यांना म्हणाला होता, तार कशाला, तार पाइकला दिसते, जाड पारदर्शक नायलॉन लाव, आम्ही सगळे तेच लावतो. डॉक्टरांनी ऐकलं. एक मोठा मासा लागला, क्षणभर ओढला आणि सुटला. पुढच्या रविवारी लव्हाळ्यात एक मेलेला मासा तरंगत होता. डॉक्टरांनी तो बोटीत घेतला, लांब चिमट्यानं जबडा उघडला, तर घशात त्यांचीच माशी, आणि तिला बोटभर नायलॉन, दातानं कापलेलं. "ही डिडन्ट से अ वर्ड," डर्मट म्हणाला. "दिवसभर. आणि मला तर एक शब्दानं बोलला नाही, हे सगळ्यात वाईट." त्या दिवसापासून दुसरं काही नाही, तारच. आणि एक मासा लागून गेला की तार वाकते, म्हणून प्रत्येक माशानंतर जुनी काढून नवी.

माझ्या पहिल्याच वर्षी डॉक्टरांनी तुटलेली टोकं वाचायला मला शिकवलं. खरं तर इथे मी थोडी तयारच होते. दातानं कापलेलं टोक आखूड असतं, कडेला ओरखडे असतात. ओढून तुटलेलं टोक ताणून बारीक झालेलं असतं. आणि गाठ सुटली तर टोक कुरळं होतं, डुकराच्या शेपटीसारखं, कारण नायलॉन गाठीचे वेढे विसरत नाही. "कापलं तर माशाचं काम, तुटलं तर कंपनीचं," डॉक्टर म्हणाले, "अन् कुरळं झालं तर आपलं."

मीही चुका कमी केल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी मला वाटलं, आता स्वतःची लाइन घ्यावी. इंटरनेटवर एक फार सुंदर, निळी, भरपूर सूट दिलेली लाइन मिळाली. खोक्यावर नारळाचं झाड होतं. उष्ण कटिबंधासाठी खास, असं लिहिलं होतं, आणि मला खरोखर असं वाटलं की जी उन्हात टिकते ती इथे तर टिकेलच. चाळीस अंशांतून आलेल्या माणसाचा हा नेहमीचा गैरसमज. मार्चमधल्या त्या सकाळी ती लाइन रिळातून निघाली ती चकल्या पडत. घट्ट, कडक, एकावर एक वेटोळी. फेकली की हवेत कुरकुरत जायची आणि चार हातांवर ढीग होऊन पडायची. डर्मट वल्ही टाकून हसला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी ती लाइन हातात घेतली, दोन बोटांत चोळली, कोटाच्या आत पोटाशी धरून बसले, आणि दहा मिनिटांनी ती थोडी मऊ झाल्यावर माझ्या हातात दिली. पुन्हा दोनदा फेकल्यावर ती होती तशी झाली. मला वाटलं, आता हे काहीतरी खोल बोलणार, ऊन सोडून थंडीत आलेल्यांबद्दल वगैरे. मी तोंडही तसं केलं होतं. ते म्हणाले, "पावती आहे ना? परत कर."

कामावरचे डॉक्टर मी एकदाच पाहिले. डर्मटच्या खुब्याचं ऑपरेशन त्यांच्याच रुग्णालयात होतं आणि मी फळं घेऊन भेटायला गेले होते. डॉक्टर आले, निळ्या कपड्यांत, डोक्याला टोपी. खुर्ची ओढून बसले, उभं राहून पेशंटशी बोलायचं नाही हा त्यांचा नियम. मग पाठीत सुई कशी जाईल, पाय कसे जड होतील, काय बिघडू शकतं, बिघडलं तर ते काय करतील, हे सगळं सावकाश सांगितलं. डर्मट एरवीसारखा म्हणाला, इट'ल बी ग्रँड. "नॉट इन हिअर," डॉक्टर म्हणाले. "इथे तो शब्द मी ऑपरेशन झाल्यावर म्हणतो." मग त्यांनी डर्मटच्या हाताची शीर शोधली. अंगठ्यानं एकदा दाबलं, सुई आत गेली, आणि डर्मट त्या वेळी माझ्याशी संत्र्यांबद्दल बोलत होता, त्याला कळलंसुद्धा नाही. ते हात पाहून मला आतून शांत वाटलं होतं. माझं कुणी टेबलावर असतं तर मी याच हातांवर सोडून दिलं असतं.

पुढच्या वसंतात मला पहिल्यांदा दिसलं. थर्मासच्या झाकणात चहा घेताना डॉक्टरांच्या उजव्या हातातल्या चहावर बारीक लाटा उठत होत्या. त्यांनी झाकण डाव्या हातात घेतलं. थंडी होतीच.

जूनमध्ये उषाताईंनी मला घरी बोलावलं, डॉक्टर ड्यूटीवर असताना. उषाताई कमी बोलणाऱ्या. त्यांनी पोहे केले, समोर ठेवले आणि म्हणाल्या, "तुला दिसलं असेलच. त्यांचा हात."

मी मान हलवली.

"मार्चपासून आहे. मी म्हटलं, दाखवून घ्या. म्हणतात, दाखवीन. म्हणतात, अजून कामात फरक नाही, अन् फरक पडला तर मलाच आधी कळेल." त्या उठून दिवाणखान्यातल्या टेबलाकडे गेल्या. तिथे तारेचं रीळ, नायलॉन, कात्री, ओढ मोजायचा ताणकाटा. "दर शुक्रवारी इथं बसून दहा लीडर बांधतात. एकेक या काट्याला लावून ओढून पाहतात. स्वतःची परीक्षा घेऊन राहिले. म्हणतात, ज्या दिवशी माझी गाठ सुटेल त्या दिवशी सुई खाली ठेवीन. तोपर्यंत मला काही म्हणू नको." मग त्यांनी मला विचारलं, "तू तर त्यातलीच ना? बरोबर आहे का हे, असं गाठीवर पाहणं?"

मी म्हणाले की दहा वेळा काट्यावर ओढून पाहणं म्हणजे चांगलीच चाचणी झाली. हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाले, आणि मलाही बरं वाटावं म्हणून. पन्नाशीत मिळालेली जागा होती ती. ती सोडून हा माणूस काय करेल याचा मला विचार करवत नव्हता.

गेल्या ऑक्टोबरातला तो रविवार. ढग खाली आलेले, वारा अगदी थोडा, पाइकसाठी चांगला दिवस. सावकाश बुडणारी लाइन लावली होती. अकराच्या सुमाराला डॉक्टरांना एक मध्यम मासा लागला, चिमट्यानं काटा काढून त्यांनी माशाला पाण्यात सरळ धरून ठेवलं आणि शेपटी हलवून तो गेला. मग नेमाप्रमाणे जुनी तार कापली आणि नवी बांधायला घेतली. बोटं गार पडली होती. पहिली गाठ जमली नाही. दुसरी जमली नाही. तिसऱ्या वेळी ते माझ्याकडे पाठ करून बसले.

"मी बांधू का?" मी विचारलं.

"नको."

चार वर्षांत त्यांनी मला स्वतःच्या लीडरला हात लावू दिला नव्हता. त्यांनी गाठ तोंडात धरून ओली केली, आवळली, ओढून पाहिली. एरवी ते माशीचा काटा बोटीच्या कडीत अडकवून पूर्ण अंगाचा भार देऊन ओढत. त्या दिवशी नुसतं हातानं ओढलं. मी पाहिलं आणि पाण्याकडे बघू लागले.

अर्ध्या तासानं मोठा मासा लागला. काठी पाण्यापर्यंत वाकली, डर्मट "जीझस, डॉक" म्हणत बोट वळवायला लागला. मासा एकदा वर आला, हिरवट पाठ आणि त्यावरचे पिवळे ठिपके, माझ्या हातापेक्षा लांब. मग तो खाली गेला आणि काठी एकदम सरळ झाली.

डॉक्टरांनी लाइन गोळा केली. तार नव्हती, माशी नव्हती. नायलॉनचं टोक त्यांनी स्वतः पाहिलं नाही. ते माझ्यापुढे धरलं.

"बघ. हे तुझं काम आहे."

टोक कुरळं होतं. दोन वेढे स्पष्ट दिसत होते. सूक्ष्मदर्शक लागणार नव्हता.

"दात," मी म्हणाले. "तारेच्या वर नायलॉनला दात लागला. मासा फार मोठा होता, माशी खोल गिळली असेल."

डर्मटलाही ते टोक दिसत होतं. तो तळ्याच्या दुसऱ्या काठाकडे बघत राहिला. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"दातानं कापलेलं टोक कसं असते?"

"आखूड."

"अजून?"

"कडेला ओरखडे असतात."

"अन् हे?"

मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण बोटीतून कुठे जाणार. "कुरळं आहे," मी म्हणाले.

"तुझ्या कारखान्यात काय लिहून दिलं असतं?"

"गाठ सुटली."

"कोणाची?"

"तुमची, डॉक्टर."

"हं," ते म्हणाले, आणि ते टोक कापून खिशात ठेवलं.

मग त्यांनी आपली काठी बाजूला ठेवली आणि माझी काठी माझ्या हातात दिली. पुढचे चार तास त्या माशाच्या शोधात त्यांनी आम्हाला पाणवनस्पतींच्या कडेनं फिरवलं. डर्मट परत परत सांगत होता, काटा बिनकुसळाचा आहे, एखाद्या दिवसात गळून पडेल. "पडेल," डॉक्टर म्हणत, "किंवा नाही पडणार." मला दोन लहान मासे लागले. दोन्ही वेळा ते वाकून तोंडात बघत आणि मागे सरत. तो मासा मिळाला नाही. पावसाची भुरभुर सुरू झाली तेव्हा डर्मटनं काही न विचारता बोट किनाऱ्याला लावली.

गाडी त्यांनीच चालवली. मोटरवेला लागलो. मग म्हणाले, "तू खोटं काऊन बोलली?"

"उषाताईंनी सांगितलंय मला. गाठ सुटली तर तुम्ही काम सोडणार. तुमचं काम जाईल म्हणून."

"माझं काम जाईल, एवढंच पाहिलं तू?" त्यांचा आवाज चढला. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "अन् टेबलावर जो झोपलेला असेल त्याचं काय जाईल?"

मला रडू आलं. लाज वाटली. मला डर्मटचा हात आठवत होता, सुई जाताना संत्र्यांबद्दल बोलणारा डर्मट, आणि मी दात म्हणाले होते.

थोड्या वेळानं त्यांचा आवाज खाली आला. "तुला काय बोलू? मी काय केलं? घरी शुक्रवारी दहा बांधतो म्हणतो. सुटली एखादी तर तिच्या जागी दुसरी बांधत होतो. मोजतच नव्हतो सुटलेल्या. उन्हाळ्यापासून." समोरच्या काचेवरचा वायपर चालू होता. "अन् शेवटी परीक्षा घेतली ती त्या माशाच्या तोंडात. त्याचा काय संबंध होता?"

सोमवारी सकाळी पहिल्या केसच्या आधी ते विभागप्रमुखांकडे गेले आणि सगळं सांगितलं. बुधवारी मला फोन आला. "सांगितलं," ते म्हणाले. "मागच्या शुक्रवारी एका बाईचा गुडघा होता, तीच शेवटची केस झाली. पाहून आलो तिला. चालून राहिली." मी विचारलं, तुम्ही कसे आहात. "मी घरी आहे," ते म्हणाले. तपासण्या झाल्या, नाव कळलं, पार्किन्सन्स. मेलबर्नला मुलगी होती, तिनं दोघांना कायमचं बोलावून तिकिटंच पाठवली.

निघायच्या आठवड्यात, मार्चमध्ये, त्यांना डर्मटला भेटायचं होतं. उषाताई त्यांच्याबरोबर होत्या, मीही माझी गाडी घेऊन गेले. मासेमारी नव्हती. डर्मटच्या स्वयंपाकघरात आम्ही चौघं चहा प्यायलो, डॉक्टरांनी त्यांचा सगळा सरंजाम, काठ्या, लाइनी, चिमटे, डर्मटच्या टेबलावर ठेवला. डर्मट आत जाऊन कोंबड्यांची अंडी घेऊन आला आणि विमानात नेता येणार नाहीत हे लक्षात आल्यावर ती माझ्याकडे दिली.

उषाताई गाडीकडे गेल्या. डॉक्टर मला धक्क्यापर्यंत घेऊन गेले. पाणी शांत होतं. त्यांनी हातमोजे काढले, खिशात ठेवले आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरले, तळवे खाली करून.

"आता सांग. तिकडे डॉक्टर लोक गोड बोलतील. पोरगी बोलणार नाही, उषा तर बोलतच नाही. तू पाहून सांग."

मी पाहिलं. घाई केली नाही. चांगला मिनिटभर, कामावर पाहते तसं पाहिलं.

"उजवा ऑक्टोबरपेक्षा जास्त आहे," मी म्हणाले. "अंगठा आणि पहिलं बोट. आणि डावाही सुरू झालाय. करंगळी."

"डावा पण?"

"हो."

त्यांनी डावा हात डोळ्यांजवळ नेऊन करंगळी पाहिली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं." मग उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला. जाड कोटातूनही तो मला जाणवत होता. मी हलले नाही, आणि त्यांनीही तो लगेच काढला नाही.

मी धक्क्यावरच थांबले. ते चढ चढून गाडीपाशी गेले, सवयीनं उजव्या, स्टिअरिंगच्या दाराकडे. आत उषाताई बसलेल्या होत्या. त्यांनी काचेतून वर पाहिलं. डॉक्टर क्षणभर तिथेच उभे राहिले, मग गाडीला पुढून वळसा घालून डावीकडे जाऊन बसले. सीटबेल्ट ओढला. त्याची जीभ खाचेत जाईना. दुसऱ्यांदाही गेली नाही. उषाताईंनी हात पुढे केला. डॉक्टरांनी पट्टा सोडून दिला, दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले आणि त्या लावेपर्यंत समोर बघत शांत बसून राहिले.